चौथ्या लढाईतली नदी: एका हौशी मोहिमेच्या चाचणीचं प्रकरण

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या संगणकावरच्या गेमसाठी एका हौशी खेळाडूने रचलेली नऊ लढायांची मोहीम. पहिल्या तीन लढाया चारही चाचणीवाल्यांनी फारशी कुरकुर न करता पार केल्या आणि चौथीत तिघांचं घोडं अडलं. मोहीम रचणाऱ्याचं म्हणणं नेमकं उलटं होतं. चौथी लढाई जरा सोपीच झाली आहे, मी ती दर खेपेला जिंकतो, असं तो सांगत होता आणि शत्रूकडे आणखी सैन्य द्यायच्या विचारात होता. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. हे कसं शक्य होतं, ते उकलायला जो खटाटोप करावा लागला, त्याची ही नोंद. मी त्या चौघांपैकी एक. मोहीम अजून पूर्ण झालेली नाही आणि कर्त्याच्या इच्छेनुसार तिचं नाव इथे देत नाही.

आधी गेमविषयी. डेव्हिड व्हाइटने २००३ मध्ये सुरू केलेला हा मुक्तस्रोत गेम अजूनही जोमात आहे. आमची चाचणी त्याच्या १.१८ मालिकेवर झाली. षटकोनी घरांचा पट, एल्फ, ऑर्क, सांगाडे, जादूगार, आणि प्रत्येक वाराला शक्यतेचा फासा. त्याची खरी गंमत अशी, की लढाया, संवाद, घटना हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये, डब्ल्यूएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहिलेलं असतं. प्रोग्रॅमिंग न येणारा माणूसही आधीची एखादी लढाई उघडून, तिच्यात उलथापालथ करून स्वतःची मोहीम उभी करू शकतो. गेमसोबत अधिकृतपणे येणाऱ्या मोहिमांपैकी काही मुळात अशाच हौशी खेळाडूंनी रचलेल्या आहेत. त्यामुळे हौशी म्हणजे कच्चं, असा समज इथे चालत नाही.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगतो. वेसनॉथच्या मोहिमेत लढाया सुट्या नसतात. एका लढाईत वाचलेले सैनिक त्यांच्या अनुभवासकट पुढच्या लढाईत परत बोलावता येतात, साधारणपणे माणशी २० सोन्याला. उरलेल्या सोन्याचा काही हिस्साही पुढे जातो. म्हणजे चौथ्या लढाईच्या पहिल्या टर्नला प्रत्येक खेळाडूचा डाव वेगळा असतो. पट तोच, नदी तीच, शत्रू तेच, पण हातात काय आहे ते मागच्या तीन लढायांनी ठरवलेलं असतं.

लढाई अशी होती. खेळाडूकडे एल्फांची सीमारक्षक तुकडी. दक्षिणेच्या किल्ल्यातून निघून दहा घरांचं गवताळ मैदान ओलांडायचं, मग तीन घरं रुंद उथळ पाण्याची नदी पार करायची आणि पलीकडच्या टेकडीवरच्या मृतसेनेच्या म्होरक्याला मारायचं. अठरा टर्नची मर्यादा. उद्दिष्टाच्या चौकटीत एक वाक्य होतं, ‘शत्रूची कुमक येण्याआधी नदी ओलांडा’. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याने बरंच नुकसान केलं.

पहिल्या फेरीचे अहवाल आले ते वेसनॉथवाल्यांच्या नेहमीच्या प्रश्नावलीप्रमाणे. कोणत्या पातळीवर आणि कोणत्या आवृत्तीवर खेळलात, एक ते दहामध्ये किती कठीण, उद्दिष्ट समजलं का, संवाद कसे वाटले, मजा किती आली, काय बदलाल. कठीणपणाचे आकडे ९, १०, ९ आणि ६. मजेचे ३, २, ४ आणि ५. हे दोन आकडे नेहमी जोडीने वाचावेत असं माझं मत आहे. नऊ कठीण आणि आठ मजा, अशी लढाई कुणी हात लावून बिघडवू नये. नऊ कठीण आणि तीन मजा म्हणजे खेळाडू हरला, पण का हरला ते त्याला कळलं नाही.

तो सुटा ‘६’ सगळ्यांना बुचकळ्यात टाकत होता. तो ज्याचा होता त्याने लढाई जिंकलीही होती. कर्त्याने लगेच त्याचं नाव पुढे केलं, बघा, याला जमलं की. मग मी त्याचा रीप्ले, म्हणजे खेळलेल्या डावाची नोंद, मागवून घेतला. रीप्लेत तो एखाद्या भाग्यवंतासारखा खेळत होता. त्याचे एल्फ पाण्यात उभे आणि सांगाड्यांच्या कुऱ्हाडी हवेत. रीप्लेत फक्त शेवटी टिकलेली वाट दिसते, मध्ये जुना सेव्ह, म्हणजे जतन करून ठेवलेला डाव, उघडून पुसलेल्या वाटा दिसत नाहीत. पण गेममध्ये आकडेवारीची एक खिडकी आहे, तिथे शक्यतेनुसार किती नुकसान व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती झालं हे शेजारी शेजारी लिहिलेलं असतं. त्याच्या बाबतीत या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, एल्फ मेला की मी टर्नच्या सुरुवातीचा सेव्ह उघडतो, सगळेच उघडतात. यात लपवण्यासारखं काही नाही, खेळायची तीही एक रीत आहे. पण चाचणीत ही रीत सांगून वापरावी, नाहीतर ‘६’ हा आकडा सगळ्यांना चुकीच्या दिशेला नेतो.

कर्त्याने पहिली दुरुस्ती केली ती अशी: शत्रूच्या म्होरक्याचं सुरुवातीचं सोनं, ज्यातून तो सैनिक विकत घेतो, कमी केलं. नवी आवृत्ती आली, आम्ही पुन्हा खेळलो आणि पुन्हा तिथेच हरलो. फरक एवढाच पडला, की जो कुणी कसाबसा नदीपार पोहोचायचा त्याला पलीकडे ओसाड रान मिळायचं. लढाईचा पहिला अर्धा भाग होता तेवढाच जीवघेणा राहिला आणि दुसरा कंटाळवाणा झाला. दुरुस्ती चुकीच्या जागी लागते तेव्हा बहुधा असंच होतं. हरतायत म्हणून शत्रू कमजोर करा, हा विचार सरळ वाटतो, पण आधी कोणत्या टर्नला, कोणत्या घरावर आणि कुणाच्या हातून माणसं मरतात ते पाहायला हवं होतं.

ते पाहिलं तेव्हा चित्र लख्ख दिसलं. तिघांचंही निम्म्याहून अधिक सैन्य पाचव्या आणि सहाव्या टर्नला, नदीच्या पात्रातच संपत होतं. मारणारे सांगाडे म्होरक्याने विकत घेतलेले नव्हतेच. कर्त्याने पटावर आधीपासून मांडलेले चार सांगाडे होते ते, उथळ पाण्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या खोल डोहांत बसवलेले. वेसनॉथमध्ये सांगाडा खोल पाण्यात बुडून राहिला तर शेजारच्या घरात येईपर्यंत शत्रूला दिसत नाही. त्यांना पहारेकऱ्याची सूचना दिलेली होती, म्हणजे कुणी टप्प्यात आल्याशिवाय ते हलत नाहीत. म्होरक्याचं सोनं शून्य केलं असतं तरी हे चौघे होते तिथेच राहिले असते.

आता नदीचा हिशेब. वेसनॉथच्या दिवसाचे सहा भाग असतात: पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि रात्रीचे दोन प्रहर. दर टर्नला एक भाग सरकतो. मृतसेना रात्री २५ टक्के जास्त जोराने मारते आणि दिवसा २५ टक्के कमी जोराने. एल्फांना दिवस-रात्रीचा फरक पडत नाही. लढाई पहाटे सुरू होत होती. पहिल्या टर्नला सैन्य भरती होतं, त्या टर्नला ते हलू शकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्नला पाच-पाच घरं चालून एल्फ नदीकाठी. चौथ्या टर्नला, तिन्हीसांजेला, पाण्यात पहिलं पाऊल. उथळ पाण्याच्या एका घराला एल्फाची तीन पावलं खर्च होतात आणि त्याच्याकडे असतात पाच. म्हणजे टर्नला एकच घर. पाचव्या आणि सहाव्या टर्नला, रात्रीच्या दोन्ही प्रहरांत, सगळं सैन्य कमरेएवढ्या पाण्यात. मुद्दाम ठरवूनही याहून वाईट वेळ साधता आली नसती, आणि कर्त्याने ती ठरवलेलीही नव्हती.

उथळ पाण्यात एल्फाचा बचाव २० टक्के, म्हणजे दर वार लागायची शक्यता ८० टक्के. सांगाड्याच्या कुऱ्हाडीचे तीन वार, प्रत्येकी ७ चे. रात्री ते ९ चे होतात. साधारण एल्फ योद्ध्याचे प्राण ३३, म्हणजे चार वार बसले की संपला. दोन सांगाडे मिळून सहा वार करतात, त्यातले चार किंवा जास्त बसण्याची शक्यता होते सुमारे ९० टक्के. तोच एल्फ रात्री सपाट गवतावर उभा असता, ४० टक्के बचाव घेऊन, तर ही शक्यता ५४ टक्क्यांवर आली असती. आणि दिवसा? दिवसा सांगाड्याचा वार ५ चा होतो. सहाही बसले तरी ३०. पूर्ण ताकदीचा एल्फ दिवसाउजेडी दोन सांगाड्यांच्या हातून मरूच शकत नाही, मग तो पाण्यात का उभा असेना.

याच्याविरुद्ध एल्फांच्या हातात काय होतं? तलवार, ५ चे चार वार. सांगाड्यावर धारेच्या शस्त्राचा ४० टक्के परिणाम वाया जातो, उरतात ३. बाण तर ६० टक्के वाया, ५ चे २ होतात. सांगाड्याचे प्राण ३४. तीन एल्फांनी एकही वार न चुकवता तलवार चालवली तर एक सांगाडा पडतो. हाडांवर खरं काम करतात ती आग, ठोसा मारणारी शस्त्रं आणि पवित्र जादू. या तुकडीत भरती करता येत होते योद्धे, धनुर्धर, शामन आणि घोडेस्वार हेर. आग नाही, गदा नाही. शामनला बढती देऊन सॉर्सरेस केली तर तिची जादू सांगाड्यांना झोंबते, पण बढतीचा दुसरा मार्ग ड्रुइडचा, आणि बरे करणारी ड्रुइड हवी म्हणून तिघांनीही तोच निवडला होता. कुणीही तोच निवडला असता.

मग कर्ता जिंकत कसा होता?

त्याचं पहिलं उत्तर सरळ होतं, आणि अर्धं खरंही. ‘‘अरे, सातव्या टर्नपर्यंत काठावर थांबायचं ना! पहाट झाली की उतरायचं.’’ सांगाडे कुठे बसलेत हे ज्याने बसवले त्याला माहीत होतं. आम्हाला उद्दिष्टाची चौकट ‘कुमक येण्याआधी ओलांडा’ म्हणून पुढे ढकलत होती. मी एकदा त्याच्या सांगण्याप्रमाणे थांबून पाहिलं. कत्तल टळली, पण लढाई जिंकता आली नाही, कारण दिवसाच्या तीन टर्नांत तलवारींनी चार सांगाडे फुटत नाहीत आणि दहाव्या टर्नला पुन्हा सांज होते. तो मात्र तेराव्या-चौदाव्या टर्नला निवांत जिंकायचा. म्हणजे थांबण्यापलीकडे आणखी काहीतरी होतं.

त्याचा रीप्ले मागितला, तेव्हा ते पहिल्याच टर्नला दिसलं. त्याने किल्ल्यातून दोन जादूगार बोलावले, दोघेही बढती मिळालेले. जादूगाराचा वार शत्रू कुठेही उभा असो, ७० टक्के लागतो. साध्या, पहिल्या पातळीच्या जादूगाराची आगही सांगाड्यावर, दिवस-रात्रीचा परिणाम बाजूला ठेवला तर, ८ चे तीन वार करते. बढतीवाल्यांपुढे ते चार सांगाडे म्हणजे काहीच नाही. पण ही मोहीम खेळणाऱ्या आमच्यापैकी कुणाकडेही जादूगार नव्हता. तो मिळेल असा प्रसंगच मोहिमेत नव्हता.

खुलासा असा. मोहिमेच्या एका जुन्या आवृत्तीत दुसऱ्या लढाईच्या शेवटी मठाचा एक लांबलचक प्रसंग होता आणि त्यात दोन जादूगार तुकडीला येऊन मिळायचे. पुढे लांबण लागते म्हणून कर्त्याने तो प्रसंग कापला, आणि चांगलं केलं, मी तो वाचला आहे. पण चौथ्या लढाईची चाचणी तो नेहमी एकाच सेव्हपासून करायचा, जुन्या आवृत्तीत तिसरी लढाई जिंकल्यावर आपोआप तयार झालेल्या, लढाईच्या प्रारंभाच्या सेव्हपासून. वेसनॉथची इथे एक खोच आहे. लढाईच्या मध्यावरचा सेव्ह उघडला तर तिचा सगळा मजकूर सेव्हमधूनच येतो, नंतर फाइलीत केलेला बदल दिसतच नाही. प्रारंभाचा सेव्ह उघडला तर लढाई नव्या फाइलींतून वाचली जाते, पण सैनिक आणि सोनं मात्र सेव्हमधलं, जुनंच राहतं. त्यामुळे त्याला आपली प्रत्येक नवी दुरुस्ती पटावर दिसायची आणि सगळं ताजं आहे असं वाटायचं. फक्त सैन्य अशा एका मोहिमेतून आलेलं होतं जी आता अस्तित्वातच नव्हती.

सेव्हच्या फाइली आत साधा मजकूरच असतात, फक्त दाबून ठेवलेल्या. उलगडून पाहिलं तर त्याच्याकडे सोनंही २४० होतं. आमचे आकडे शोधले तेव्हा प्रकरणाचा दुसरा पदर उलगडला, आणि खरं सांगायचं तर मला तो जादूगारांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

तिसऱ्या लढाईत पटाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलं की जिंकलं. मर्यादा चोवीस टर्नची. लवकर जिंकणाऱ्याला वेसनॉथ बक्षीस देतो: उरलेल्या प्रत्येक टर्नमागे पटावरच्या एकूण गावांइतकं सोनं, अधिक मूळ उत्पन्नाचे २. या पटावर चौदा गावं, म्हणजे टर्नमागे १६. आमच्यापैकी मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे इतर खेळाडूंविरुद्धच्या सामन्यांत, मुरलेल्या गड्याने सगळ्या शत्रूंना बगल देऊन दहाव्या टर्नलाच टोक गाठलं. चौदा टर्न शिल्लक, बक्षीस २२४. गाठीशी होते ६०. एकूण २८४, त्यातले ४० टक्के पुढे जायचे, म्हणजे ११४, आणि चौथ्या लढाईचे ठरलेले १०० वर. त्याच्या हातात २१४ सोनं, पण अनुभवी सैनिक एकही नाही, कारण तो कुणाशी लढलाच नव्हता. आमच्यातल्या नवख्या खेळाडूने उलट केलं. एकेक शत्रू शोधून मारला, सैनिकांना बढत्या मिळवून दिल्या आणि तेविसाव्या टर्नला जिंकला. बक्षीस १६, गाठीशी २०, छत्तीसचे ४० टक्के म्हणजे १४. हातात ११४. माणशी २० सोन्याने पाच जण बोलावता येतात. दुसऱ्या पातळीचे सात एल्फ यादीत बसून होते, पण त्यातल्या दोघांना बोलवायला दमडी नव्हती. शिवाय मोठ्या पातळीच्या सैनिकाचा पगारही मोठा, पातळीइतकं सोनं दर टर्नला, आणि जितकी गावं ताब्यात तितकीच सूट.

म्हणजे दोघे एकाच नदीत बुडाले, पण एक कच्च्या सैन्यामुळे आणि दुसरा अपुऱ्या सैन्यामुळे. दोघांनीही अहवालात ‘चौथी लढाई फार कठीण’ एवढंच लिहिलं. तिसऱ्या लढाईला दोघांनी ५ कठीण आणि ७ मजा असे आकडे दिले होते. जिथे मोहीम बिघडत होती तिथे कुणाला काही खुपलं नव्हतं.

आता काय करायचं, यावर भरपूर वाद झाला. मल्टिप्लेअरवाल्याचं मत, नदीचं पाणी काढून तिथे सरळ उतार, म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा, द्या. वेसनॉथमध्ये उतार हा वेगळा भूभाग आहे. चालणाऱ्याला गवत आणि उथळ पाणी यातलं जे सोयीचं ते लागू होतं. एल्फाला एका घराला एकच पाऊल आणि ४० टक्के बचाव. कर्त्याला हे मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, सगळी नदी उताराची केली तर भीतीच संपली, चौथ्या टर्नला सैन्य टुणकन पलीकडे. मला त्याचं पटलं. भीती हवीच होती. प्रश्न एवढाच होता, की खेळाडूला ती दिसायला हवी आणि तिच्यावर उपाय करायला जागा हवी.

शेवटी जे ठरलं ते एका घराच्या रुंदीचा उतार, बाकी पाणी होतं तसंच. पलीकडच्या काठावर जुन्या चौकीचे पडके बुरूज, दोन घरं. पडक्या किल्ल्यातही एल्फाला ६० टक्के बचाव मिळतो, आणि तिथे रात्री दोन सांगाड्यांच्या हातून तो पडण्याची शक्यता १८ टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे आता तिन्हीसांजेला ठरवावं लागतं, कुणाला आधी धाडायचं, दोघांना बुरुजात बसवून रात्र काढायची की सगळ्यांनी अलीकडे थांबायचं. उताराच्या एकेरी वाटेवर लपलेल्या सांगाड्याच्या शेजारी पाऊल पडलं की चालणारा जागीच थबकतो, उरलेली पावलं वाया जातात आणि मागची रांग तुंबते. हे गेमच्या नियमांतूनच येतं, एक ओळही वेगळी लिहावी लागली नाही. उद्दिष्टातलं ‘कुमक येण्याआधी’ काढून टाकलं. त्याजागी दुसऱ्या टर्नला एक हेर येऊन सांगतो, डोहाच्या तळाशी काहीतरी पांढरं हललं. त्याहून जास्त सांगायचं नाही यावर कर्ता ठाम राहिला आणि त्याचंच बरोबर ठरलं.

जादूगार एकच परत आला, बिनपगारी निष्ठावंत म्हणून, मठाशिवाय, चार ओळींच्या संवादात. सोन्यासाठी तिसऱ्या लढाईतलं लवकर जिंकण्याचं बक्षीस बंद केलं आणि चौथीचं ठरलेलं सोनं १०० वरून १५० वर नेलं. वरच्याच दोघांचा हिशेब मांडला तर आता एकाला १७४ आणि दुसऱ्याला १५८ मिळतील. शंभराची दरी सोळावर आली. मल्टिप्लेअरवाला यावर नाराज आहे, आणि त्याची नाराजी रास्त आहे. चलाखीने धावत सुटणाऱ्याला आता काहीच बक्षीस नाही. मी स्वतः मर्यादा चोवीसवरून वीसवर आणून बक्षीस अर्धंमुर्धं ठेवावं या मताचा होतो. कर्त्याने ऐकलं नाही. मोहीम त्याची आहे.

सगळ्या दुरुस्त्या एकदम न करता एकेक करून खेळून पाहायचा आग्रह मात्र मी धरला. फक्त उतार दिला तेव्हा धावणारा जिंकला, सावकाश खेळणारा हरला. उतार आणि सोनं दिलं तेव्हा दोघेही जिंकले, पण रडतखडत. जादूगार आला तेव्हा लढाईला आकार आला. तिन्ही एकदम टाकलं असतं तर कशाने काय झालं ते कळलं नसतं, आणि पुढे कठीण पातळीसाठी कोणता खिळा आवळायचा हेही कळलं नसतं.

दुरुस्तीतून नवे बग निघणार हे गृहीतच होतं. एक मजेशीर होता. उताराच्या मधल्या घरावर पाऊल पडलं की सेनापतीचं एक भाषण होतं. घटना लिहिताना ते पाऊल कोणत्या पक्षाचं हे सांगायचं राहून गेलं. अशा घटना मुळात एकदाच घडतात. एका खेळात शत्रूचं वटवाघूळ त्या घरावर येऊन बसलं आणि सेनापती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला किल्ल्यात उभा राहून ‘शेवटी नदी ओलांडलीच!’ म्हणून गरजला. नंतर एल्फ खरंच तिथे पोहोचले तेव्हा सगळं शांत. हसून झाल्यावर एका ओळीत सुटलं. दुसरा जास्त चिवट निघाला. नव्या जादूगाराला पाचव्या लढाईत संवाद आहेत. तो चौथीत मेला असेल तर गेम अडत नाही, फक्त त्याची वाक्यं गाळून पुढे जातो. त्यामुळे सेनापती प्रश्न विचारतो, थांबतो, न आलेल्या उत्तरावर चिडतो आणि मग आभारही मानतो. हा दोष कर्त्याला दिसणं कठीण होतं, कारण त्याचा जादूगार कधी मरतच नव्हता. आता त्या संवादाचे दोन पाठ आहेत, जिवंत असेल तर एक आणि नसेल तर दुसरा.

पुढच्या फेरीची अडचण वेगळी होती. सांगाडे कुठे आहेत हे आता आम्हा चौघांनाही पाठ झालं होतं. आमच्या जिंकण्याला पुरावा म्हणून किंमत उरली नव्हती. अजाणता खेळाडू एका लढाईसाठी एकदाच मिळतो, तो जपून वापरावा लागतो. सुदैवाने पाचवा एक जण उशिरा आला होता आणि दुसऱ्या लढाईपाशीच होता. त्याला तिथेच थांबायला सांगितलं होतं, दुरुस्त्या होईपर्यंत. त्याने मधली पातळी घेतली, जुने सेव्ह न उघडता खेळायचं कबूल केलं आणि प्रत्येक टर्नला मनात काय चाललंय ते लिहीत गेला. चौथ्या टर्नला त्याने लिहिलं, ‘हेर काहीतरी म्हणाला होता, पण रात्र व्हायला अजून वेळ आहे, जाऊ या.’ सहाव्या टर्नला, ‘कळलं.’ तो हरला. दुसऱ्या खेपेला दोघांना बुरुजात बसवून, बाकीच्यांना अलीकडे ठेवून सोळाव्या टर्नला जिंकला. कठीणपणा ७, मजा ८.

कर्त्याने तो जुना सेव्ह पुसून टाकला आहे. आता तो प्रत्येक आवृत्तीसाठी तीन सेव्ह ठेवतो, पहिल्या लढाईपासून प्रत्यक्ष खेळून मिळवलेले: एक धावणाऱ्याचा, एक सावकाश लढणाऱ्याचा आणि एक मुद्दाम वाईट खेळलेला. फाइलीच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो, आणि आवृत्ती बदलली की जुने तिन्ही बाद.

कठीण पातळीवर चौथी लढाई अजून कुणी जिंकलेली नाही, तिथे डोहात सहा सांगाडे आहेत आणि बहुधा चारच राहतील. सहाव्या लढाईची तक्रार मात्र आता उलटी येते आहे. तिथेही मृतसेनाच आहे, आणि तोवर बढती मिळालेला तो जादूगार एकटाच निम्मं रान मोकळं करतो. मल्टिप्लेअरवाल्याने सुचवलं आहे की तिथे मृतसेनेऐवजी ऑर्क आणावेत. कथेत ते कसं बसवायचं, यावर कर्ता सध्या अडला आहे.